झाकण लावलेल्या लॅपटॉपची बॅटरी उतरते: स्लीप की हायबरनेट?

तक्रार नेहमीची आहे. रात्री ८० टक्के चार्ज असताना झाकण लावलं, सकाळी उघडून बघतो तर ३५. किंवा ऑफिसातून निघताना बॅगेत टाकलेला लॅपटॉप घरी येऊन बाहेर काढला, तर तव्यासारखा तापलेला आणि आत पंखा गरगरतोय. मग कोणी नवी बॅटरी घेतं, कोणी विंडोज पुसून पुन्हा टाकतं. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच.

अशा बहुतेक प्रकरणांत बॅटरी निर्दोष असते. आपल्या मशीनवर स्लीप नक्की कोणत्या जातीची आहे, हे न तपासता सेटिंग बदलली जातात आणि दुखणं परत येतं. एकाच दुकानातून घेतलेल्या दोन लॅपटॉपमध्ये 'स्लीप' हे बटण वेगवेगळी कामं करत असतं. तेव्हा सुरुवात तिथूनच.

एक सूचना आधी. खाली कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि आकडे इंग्रजीत टाकायचे. 'पॉवरसीएफजी' म्हणजे 'पॉवर'चं स्पेलिंग आणि त्याला चिकटून सी, एफ, जी. त्यानंतर एक जागा सोडायची, मग तिरकी रेघ, मग पुढचा शब्द. स्टार्टवर उजवं क्लिक करून 'टर्मिनल (ॲडमिन)' उघडा आणि शेवटपर्यंत तीच खिडकी वापरा. विंडोज १० वर तिथे 'पॉवरशेल (ॲडमिन)' दिसेल, तेही चालतं.

मशीनला विचारा

पहिली कमांड: पॉवरसीएफजी /ए

उत्तरात दोन याद्या येतात. वरच्या यादीत या मशीनवर उपलब्ध असलेल्या अवस्था असतात, खालच्या यादीत नसलेल्या, आणि का नाहीत त्याचं कारणही तिथेच छापलेलं असतं. वरच्या यादीत पुढच्या दोनपैकी काय आहे ते बघा.

'स्टँडबाय (एस३)' दिसलं तर ती जुन्या वळणाची स्लीप. यात प्रोसेसर, डिस्क, स्क्रीन, पंखा सगळं बंद होतं आणि फक्त रॅमला वीज मिळत राहते. रॅममधल्या प्रत्येक कप्प्यातला विद्युतभार गळत असतो, म्हणून तो साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. वीज तुटली की उघडं काम गेलं. खर्च अगदी थोडा, पण शून्य नाही.

'स्टँडबाय (एस० लो पॉवर आयडल)' दिसलं तर ती मॉडर्न स्टँडबाय. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ही कल्पना 'कनेक्टेड स्टँडबाय' म्हणून आली, विंडोज १० मध्ये तिला आताचं नाव मिळालं, आणि गेल्या काही वर्षांतले बहुतेक नवे लॅपटॉप हीच घेऊन येतात. मोबाइल खिशात असताना जसा वागतो तसं यात अपेक्षित असतं: स्क्रीन काळी, पण यंत्रणा चालू स्थितीतच, फक्त अत्यंत कमी विजेवर. मेल उतरवणं, अपडेट तपासणं असली कामं अधूनमधून होत राहतात. सगळे ड्रायव्हर, म्हणजे मशीनचा एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, शहाणे असतील तर ही स्लीप एस३च्या तोडीची काटकसर करते. एक जरी ड्रायव्हर हट्टी निघाला तरी प्रोसेसर गाढ झोपेत जात नाही, आणि बॅगेत तापलेला लॅपटॉप निघतो तो इथूनच.

हायबरनेट, म्हणजे एस४, दोघांपेक्षा निराळं. रॅममधलं चालू काम सी ड्राइव्हवरच्या 'हायबरफिल डॉट सिस' नावाच्या लपलेल्या फाइलमध्ये लिहिलं जातं आणि मशीन खरोखर बंद होतं. बॅटरी पूर्ण संपली तरी काम शाबूत राहतं. बदल्यात उघडताना थोडं थांबावं लागतं. एनव्हीएमई एसएसडीवर दहा-वीस सेकंद, जुन्या हार्ड डिस्कवर मिनिट-दीड मिनिट.

हिशेब

कोणती अवस्था कधी वापरायची, हे थोड्या गुणाकारातून ठरतं. बॅटरी ५० वॉट-तासांची धरा. एस३ मध्ये अर्धा वॉट जात असेल, तर ८ तासांत ४ वॉट-तास गेले, म्हणजे ८ टक्के. रात्रभरात आठ-दहा टक्के उतरले तर तो बिघाड नव्हे. आता मॉडर्न स्टँडबायमध्ये काहीतरी अडकलंय आणि सरासरी ४ वॉट जातायत असं समजा. तेवढ्याच वेळात ३२ वॉट-तास, म्हणजे ६४ टक्के. शुक्रवारी संध्याकाळी बंद केलेला लॅपटॉप सोमवारी का उठत नाही, याचं उत्तर या आकड्यात आहे.

त्यामुळे जेवायला, चहाला, मीटिंगला उठताना स्लीप. दोन तासांपेक्षा जास्त वेळ मशीन चार्जरशिवाय राहणार असेल तर हायबरनेट. आणि बॅगेत जाणार असेल तर वेळेचा हिशेब न करता हायबरनेट, कारण बॅगेत हवा खेळत नाही. अर्ध्या वाटेत एखादं अपडेट जागं झालं, तर निघालेली उष्णता तिथेच कोंडते. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या भोवतालच्या तापमानासाठी बनवलेले असतात. मे महिन्यात अकोल्यात किंवा नागपुरात उभ्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलेल्या बॅगेला हे आधीच जड जातं, त्यात आतून भर नको. लिथियम बॅटरी फुगते ती अशाच वारंवारच्या तापण्याने.

उलट टोकही टाळा. दिवसभर टेबलावर चार्जरला लावलेल्या मशीनला दर पंधरा मिनिटांनी हायबरनेट करायला लावण्यात काही अर्थ नाही. तिथे स्लीपच बरी.

दोन्हींची सांगड घालणारी मांडणी

रोज आठवण ठेवून बटण निवडणं कोणाकडूनच होत नाही. मशीन आधी झोपू दे आणि ठरावीक वेळेत कोणी उघडलं नाही तर आपणहून हायबरनेट होऊ दे, अशी रचना सगळ्यात टिकाऊ.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, 'पॉवर अँड बॅटरी', आणि तिथे स्क्रीन, स्लीप, हायबरनेटच्या वेळांचा भाग उघडा. बॅटरीवर असताना स्क्रीन ५ मिनिटं, स्लीप १० मिनिटं, हायबरनेट ६० मिनिटं. चार्जरवर स्क्रीन १० मिनिटं, स्लीप ३० मिनिटं, हायबरनेट 'नेव्हर'. काही मशीनवर हायबरनेटची ओळ तिथे दिसतच नाही. तेव्हा कमांड द्या:

पॉवरसीएफजी /चेंज हायबरनेट-टाइमआउट-डीसी ६०

आकडा मिनिटांचा. 'डीसी' म्हणजे बॅटरीवर. चार्जरसाठी त्या जागी 'एसी' लिहा. शून्य दिलं तर 'कधीच नाही'.

आता झाकण. कंट्रोल पॅनल, 'हार्डवेअर अँड साउंड', 'पॉवर ऑप्शन्स', डाव्या बाजूला 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ'. इथे दोन रकाने असतात, 'ऑन बॅटरी' आणि 'प्लग्ड इन', आणि चूक हमखास इथेच होते: माणूस एका रकान्यात बदल करतो, दुसरा तसाच राहतो. मग चार्जरला लावलेला असताना झाकण बंद केलं जातं, तेव्हा 'प्लग्ड इन'ची सेटिंग लागू होतात, आणि पाच मिनिटांनी वायर काढून लॅपटॉप बॅगेत. रोज प्रवास करणाऱ्यांनी 'ऑन बॅटरी'च्या रकान्यात झाकणाला थेट हायबरनेट द्यावं आणि आधी चार्जर काढून मग झाकण लावायची सवय करावी. घरातल्या घरात फिरणाऱ्या लॅपटॉपला झाकणावर स्लीप ठेवली तरी चालते, वरची ६० मिनिटांची मर्यादा पुढचं बघून घेते.

झाकण लावल्यावर लगेच बॅग उचलू नका. स्लीपमध्ये पॉवरचा दिवा बहुतेक मॉडेलवर सावकाश लुकलुकत राहतो, हायबरनेटमध्ये तो पूर्ण विझतो. विझेपर्यंतचे ते काही सेकंद लिखाणाचे असतात. आत फिरती हार्ड डिस्क असेल तर हे थांबणं सक्तीचंच समजा. लिहीत असलेली डिस्क आडवीतिडवी हलवली की पृष्ठभागावर ओरखडा पडू शकतो.

हायबरनेट मेनूत नाहीच

पॉवर मेनूत फक्त स्लीप, शट डाउन, रिस्टार्ट दिसत असेल तर त्याच कंट्रोल पॅनलमध्ये 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' उघडा. वर 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' अशी निळी ओळ आहे, ती दाबल्याशिवाय खालचे चौकोन राखाडीच राहतात. दाबून 'हायबरनेट'वर खूण करा आणि 'सेव्ह चेंजेस'.

तिथे हायबरनेटचा चौकोनच नसेल तर सुविधा मुळातून बंद आहे. डिस्कवर जागा करण्यासाठी कोणीतरी ती बंद केलेली असते, बऱ्याचदा दुकानदारानेच. 'पॉवरसीएफजी /एच ऑन' द्या. तरी दिसेना, तर फाइल छोट्या प्रकारात ठेवलेली असावी. छोट्या फाइलवर फक्त फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करणारी सोय) चालतं, पूर्ण हायबरनेट नाही. मग 'पॉवरसीएफजी /एच /टाइप फुल'.

पूर्ण प्रकारात ही फाइल साधारण रॅमच्या ४० टक्के जागा घेते: ८ जीबी रॅमला ३.२ जीबी, १६ ला ६.४, ३२ ला १२.८. छोटी फाइल २० टक्के. रॅम १६ जीबी आणि फाइल साडेसहाचीच, मग सगळं मावतं कसं, असा प्रश्न पडतो. विंडोज मोकळी रॅम लिहीत नाही आणि वापरातली दाबून लिहितं. पण व्हिडिओ एडिटर किंवा आभासी मशीन उघडं ठेवून रॅम काठोकाठ भरली असेल, तर हायबरनेट अर्ध्यात फसतं आणि स्क्रीन पुन्हा उजळते. अशांनी 'पॉवरसीएफजी /एच /साइझ ७५' करून फाइल ७५ टक्क्यांपर्यंत वाढवावी. १२८ जीबीच्या डिस्कवर हे परवडणारं नाही, तिथे झाकण लावण्याआधी अवजड प्रोग्राम बंद करणं हाच उपाय.

कंपनीच्या लॅपटॉपवर हे पर्याय धोरणातूनच कुलूपबंद असतात. तिथे कमांडशी झगडू नका, आयटी विभागाला कळवा.

स्लीप आहे, पण झोप नाही

सेटिंग बरोबर असूनही बॅटरी उतरते, तर पुरावा गोळा करायचा. मॉडर्न स्टँडबायच्या मशीनवर त्यासाठी एक उत्तम हत्यार विंडोजमध्येच आहे आणि फारच थोडे लोक ते वापरतात:

पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी

यातून एक अहवाल तयार होतो आणि कुठे साठवला तो पत्ता खिडकीत छापून येतो. ॲडमिन टर्मिनल विंडोजच्या 'सिस्टिम३२' फोल्डरमध्ये उघडलेलं असेल तर फाइलही तिथेच मिळते. ब्राउझरमध्ये उघडा. गेल्या तीन दिवसांतली प्रत्येक झोप ओळीने दिसते: किती वेळ, किती टक्के गेले. ज्या झोपेत जास्त खर्च झाला त्या ओळीवर क्लिक केलं की 'टॉप ऑफेंडर्स' अशी यादी येते, आणि गुन्हेगाराचं नाव तिथे असतं. नेहमीचे संशयित म्हणजे वाय-फाय कार्ड, ब्लूटूथ, ऑडिओचा ड्रायव्हर आणि यूएसबीला लावलेलं काहीतरी. 'एचडब्ल्यू' असा टक्केवारीचा आकडाही दिसेल. झोपेतला किती वेळ हार्डवेअर खरोखर गाढ अवस्थेत होतं, तो हा आकडा. शंभरच्या जवळ असेल तर मशीन ठणठणीत. तीस-चाळीसवर रेंगाळत असेल तर रात्रभर कोणीतरी जागं होतं.

नाव कळल्यावर त्या भागाचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट पानावरून घ्या, विंडोज अपडेटच्या भरवशावर राहू नका. त्याच पानावर बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचं, नवं अपडेट असेल तर तेही टाका, मात्र बॅटरी निम्म्याहून जास्त आणि चार्जर लावलेला असतानाच. स्लीपच्या दुखण्यांचे बरेच इलाज बायोसमधूनच येतात. एसएसडी बदलल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर नव्या एसएसडीवर संशय घ्या. ती कमी विजेच्या अवस्थेत गेली नाही, तर सगळी यंत्रणाच अडून राहते. तिचं फर्मवेअर अद्ययावत करून बघा.

झोपेतलं नेटवर्क तोडणं हा आणखी एक गुणकारी उपाय. बॅटरीवर असताना स्टँडबायमध्ये वाय-फाय नको असेल तर:

पॉवरसीएफजी /सेटडीसीव्हॅल्यूइंडेक्स स्कीम_करंट सब_नन कनेक्टिव्हिटीइनस्टँडबाय ०

आणि लगेच: पॉवरसीएफजी /सेटॲक्टिव्ह स्कीम_करंट

दुसरी कमांड विसरलात तर पहिली लागू होत नाही. यानंतर झोपेत मेल येणार नाहीत. लॅपटॉपवर ते कोणाला हवे असतात हा प्रश्नच आहे.

मॉडर्न स्टँडबाय काढून एस३ परत आणण्याची रजिस्ट्रीतली युक्ती बरीच फिरते. बायोसमध्ये एस३ ठेवलेलीच नसेल तर त्या युक्तीनंतर स्लीप हा पर्यायच नाहीसा होतो. काही थिंकपॅडच्या बायोसमध्ये 'स्लीप स्टेट' अशी निवड असते आणि तिथे 'लिनक्स' केलं की एस३ मिळते. पण आधीच बसवलेल्या विंडोजवर हा पालट मायक्रोसॉफ्टला मान्य नाही, पूर्ण विंडोज नव्याने बसवावं लागतं. तेवढा खटाटोप करण्यापेक्षा हायबरनेटची मर्यादा ६० वरून २० मिनिटांवर आणा. नव्वद टक्के त्रास तिथेच मिटतो.

रात्री आपोआप उठतो

एस३च्या मशीनवर, उठलेला दिसताक्षणी 'पॉवरसीएफजी /लास्टवेक' द्या. कोणी उठवलं ते कळतं. वेळ निघून गेली असेल तर इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. 'पॉवर-ट्रबलशूटर'ची क्रमांक १ ची नोंद झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ आणि कारण एकत्र देते. 'कर्नल-पॉवर'च्या नोंदींत ४२ म्हणजे झोपायला गेला, १०७ म्हणजे उठला. मॉडर्न स्टँडबायवर हेच आकडे ५०६ आणि ५०७. तिथे ४१ दिसला तर सावध व्हा: मशीन नीट बंद न होता वीज तुटली किंवा अडकून पडलं, म्हणजे मामला झोपेचा राहिलेला नाही.

'पॉवरसीएफजी /डिव्हाइसक्वेरी वेक_आर्म्ड' ही कमांड लॅपटॉप उठवण्याचा परवाना असलेल्या उपकरणांची यादी देते. वायरलेस माउस या यादीत हमखास असतो. रिसीव्हर यूएसबीत तसाच, माउस त्याच बॅगेत, आणि लोकलच्या प्रत्येक धक्क्याला माउस हलतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या माउसच्या आणि नेटवर्क कार्डच्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवरची 'अलाउ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर' ही खूण काढा. त्याहून सोपं म्हणजे माउसच्या पोटावरचं बटण बंद करणं.

वेळ लावून उठवणाऱ्या कामांसाठी 'पॉवरसीएफजी /वेकटायमर्स'. पॉवर प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड खिडकीत स्लीपखाली 'अलाउ वेक टायमर्स' आहे, ते बॅटरीवर 'डिसेबल' करा. हायबरनेटमधूनही मशीन उठत असेल तर बायोस बघा. ठरावीक वेळी चालू होणं, नेटवर्कवरून उठणं, झाकण उघडताच चालू होणं, असे स्वतंत्र पर्याय तिथे असतात. बॅगेत स्क्रीन किंचित दबून झाकणाचा सेन्सर फसतो तेव्हा हा शेवटचा पर्याय त्रास देतो. हा सेन्सर चुंबकावर चालतो. म्हणून चुंबकाचं कव्हर असलेला मोबाइल कीबोर्डच्या कडेला ठेवला, की चालू लॅपटॉप अचानक झोपतो. ते बघून मदरबोर्ड बदलायला निघू नका.

उलट तक्रार, म्हणजे वेळ झाली तरी झोपतच नाही, यासाठी 'पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स'. व्हिडिओ चालू असलेला ब्राउझरचा टॅब किंवा न संपलेला मीटिंगचा कॉल तिथे नावानिशी सापडतो.

हायबरनेटमधून उठताना काळी स्क्रीन

पॉवर बटण दाबलं, दिवा लागला, स्क्रीन मात्र काळीच. प्रथम दोन मिनिटं खरोखर थांबा. मग डॉक, बाहेरचा मॉनिटर, पेन ड्राइव्ह काढून विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबा, याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उपयोग नसेल तर पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून बंद करा. न साठवलेलं काम जाईल, इलाज नाही. चालू झाल्यावर फाइल नवी बनवा: 'पॉवरसीएफजी /एच ऑफ', रिस्टार्ट, 'पॉवरसीएफजी /एच ऑन'. त्यानंतरही तेच घडलं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदला. हायबरनेट केलेल्या अवस्थेत रॅम वाढवणं किंवा डिस्क हलवणं कटाक्षाने टाळा. उठताना मशीन आधीचंच हार्डवेअर शोधतं. पेचकस हातात घेण्याआधी पूर्ण शट डाउन.

पूर्ण शट डाउनबद्दल मोठा गैरसमज आहे. फास्ट स्टार्टअप चालू असताना मेनूतलं 'शट डाउन' तुमचे प्रोग्राम बंद करतं, पण विंडोजचा गाभा हायबरनेट करून ठेवतं. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखालचा 'अप टाइम' बघा. रोज शट डाउन करूनही तिथे कित्येक दिवस जमलेले दिसतील. रोज हायबरनेट करणाऱ्यांचंही तेच. प्रिंटर सापडत नाही, वाय-फाय अडखळतं, मशीन मंदावतं, ही लक्षणं दिसली की 'रिस्टार्ट' करा, कारण रिस्टार्टच गाभा नव्याने सुरू करतो. आठवड्यातून एकदा पुरे.

एसएसडी झिजेल?

ही भीती हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आलेल्या प्रत्येकाला असते. दर वेळी ५ जीबी लिहिले जातात आणि दिवसातून दोनदा हायबरनेट होतं असं धरलं, तर वर्षाला साधारण ३.६५ टीबी. ५१२ जीबीच्या अनेक एसएसडींना ३०० टीबीपर्यंत लिखाणाची हमी असते. नुसत्या हायबरनेटने ती संपवायला ८० वर्षं लागतील. याउलट दर रात्री निम्मी उतरून पुन्हा भरली जाणारी बॅटरी आपली चार्जची चक्रं विनाकारण खर्च करते, आणि महाग पडते ती बॅटरीच.

जुनी बॅटरी आणि गेलेली वीज

'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट' दिल्यावर येणाऱ्या अहवालात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' शेजारी-शेजारी असतात. पहिली ५०,००० आणि दुसरी २८,००० असेल, तर टक्केवारी १०० दाखवली तरी हातात निम्म्यापेक्षा जरा जास्तच आहे, आणि वरचे सगळे हिशेब त्या प्रमाणात कमी करून घ्यायचे. अशी दमलेली बॅटरी १२ टक्क्यांवरून एकदम शून्यावर कोसळते.

जिथे भारनियमन आहे किंवा पावसाळ्यात तासन्‌तास वीज जाते, तिथे हे कामाच्या मुळावर येतं. ॲडव्हान्स्ड खिडकीत 'बॅटरी'खाली 'क्रिटिकल बॅटरी ॲक्शन' हायबरनेटवर आहे ना ते बघा. 'क्रिटिकल बॅटरी लेव्हल' सहसा ५ टक्क्यांच्या आसपास असते. जुन्या बॅटरीला ती १२ ते १५ वर न्या, म्हणजे फाइल लिहायला दम उरतो. या जागी स्लीप निवडणं म्हणजे संपत आलेल्या बॅटरीवर रॅम जगवत बसणं.

हायबरनेटमध्येही महिनाभर पडून राहिलेल्या लॅपटॉपची बॅटरी थोडी उतरतेच. जास्त उतरत असेल तर बायोसमध्ये, बंद असताना मोबाइल चार्ज करणारा यूएसबी पोर्ट चालू राहिलाय का ते तपासा. सुटीला जाताना बॅटरी निम्मी-साठ टक्के ठेवून पूर्ण शट डाउन करावा.

चोरीचा विचार करणाऱ्यांसाठी: स्लीपमध्ये बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) किल्ली रॅममध्येच राहते, हायबरनेटमध्ये रॅमची वीज जाते आणि काम कुलूपबंद डिस्कवर असतं. ग्राहकांची कागदपत्रं घेऊन प्रवास करणाऱ्या सीए आणि वकिलांनी एवढ्यासाठी तरी बॅगेत जाताना हायबरनेटच करावं.

मॅक आणि लिनक्स

मॅकबुकवर हायबरनेटचं बटण नसतं आणि सहसा गरजही पडत नाही. टर्मिनलमध्ये 'पीएमसेट -जी' दिलं की 'हायबरनेटमोड' दिसतो. ३ म्हणजे रॅमला वीज आणि डिस्कवर प्रत, दोन्ही. लॅपटॉपवर मुळात हाच असतो. तो तसाच राहू द्या. झोप मोडत असेल तर 'पीएमसेट -जी असर्शन्स'मध्ये कोण अडवतंय ते बघा आणि 'वेक फॉर नेटवर्क ॲक्सेस' बंद करा.

लिनक्सवर 'कॅट /सिस/पॉवर/मेम_स्लीप' दिल्यावर चौकटी कंसात 'एस२आयडल' असेल तर मॉडर्न स्टँडबायसारखी स्लीप, 'डीप' असेल तर एस३. 'सिस्टिमसीटीएल सस्पेंड-देन-हायबरनेट' हीच वर सांगितलेली सांगड. किती वेळाने, ते 'स्लीप डॉट कॉन्फ'मधल्या 'हायबरनेटडीलेसेक'मध्ये लिहायचं. यासाठी डिस्कवर खरीखुरी स्वॅप (रॅममधलं उतरवून ठेवायची जागा) लागते, साधारण रॅमएवढी, आणि कर्नलला 'रिझ्यूम'चा पत्ता द्यावा लागतो. फेडोरात मुळात असलेली झेडरॅम स्वॅप रॅममध्येच असल्यामुळे इथे निरुपयोगी. सिक्युअर बूट चालू असेल तर बऱ्याच वितरणांत कर्नल हायबरनेटला नकार देतो, तिथे कमांड कितीही वेळा दिली तरी फरक पडणार नाही.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर विंडोज हायबरनेट करून लिनक्समध्ये शिरू नका. विंडोजचं विभाजन अर्धवट उघड्या अवस्थेत असतं. लिनक्स ते फक्त वाचण्यापुरतं जोडतं किंवा नाकारतं, आणि जबरदस्तीने जोडून त्यावर लिहिलंत तर विंडोज उठल्यावर फाइली खराब निघतात. फास्ट स्टार्टअपमुळे साध्या शट डाउननंतरही हेच होतं. तेव्हा दुहेरी बूट असलेल्या मशीनवर फास्ट स्टार्टअप 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'मध्ये जाऊन बंद करा, आणि लिनक्सकडे जाताना विंडोज 'रिस्टार्ट' करूनच सोडा.